माळावरची चिंच

एका माळावर एक चिंच होती. आसपास दुसरं झाड नव्हतं, त्यामुळे दुरून येणाऱ्याला गावाआधी तीच दिसायची. हौसाचं सारं बालपण तिच्याखाली गेलं होतं. दुपारी आई तिथंच भाकर सोडायची आणि गाभुळलेल्या चिंचा हौसाच्या ओच्यात टाकायची. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी त्या सावलीत बसलं, की आई शेजारीच आहे असं हौसाला वाटे.

आश्विनातली गोष्ट. हौसा, तिचा धाकटा भाऊ म्हादू आणि शेजारच्या बाया भुईमूग उपटत होत्या. एकाएकी आभाळ काळं झालं, गडगडू लागलं, टपोरे थेंब पडू लागले. सवयीनं सगळे चिंचेखाली धावले. हौसाही धावली.

बुंध्याला टेकते न टेकते तोच तिच्या हातांवरची लव ताठ उभी राहिली. डोक्यावरचे केस कुणी वर ओढावेत तसे उठले. शाळेत गुरुजींनी सांगितलेलं तिला आठवलं. वीज उतरताना बहुधा उंच वस्तू गाठते आणि झाडावरून जवळच्या माणसातही शिरते. अंगावरचे केस उभे राहिले, की समजावं, ती डोक्यावर आली.

"बाहेर पळा! खाली, त्या खोलगट जागी!" ती ओरडली.

म्हादू चिडला. "अक्का, जन्मभर हिनं आपल्याला सांभाळलं. आईच्या झाडावर तुझाच भरवसा नाही?"

शब्द काळजाला लागले. क्षणभर हौसाचा हात बुंध्यावरून सुटेना. मग तिनं म्हादूचं मनगट धरलं.

"आई असती, तर तिनंच हाकललं असतं आपल्याला. चल!"

सगळे उताराकडे पळाले आणि एकमेकांपासून लांब, पाय जुळवून उकिडवे बसले. तेवढ्यात डोळे दिपले, कानठळ्या बसल्या. चिंच शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभी चिरली गेली.

आभाळ निवळल्यावर हौसा झाडापाशी गेली. करपलेल्या सालीवर हात ठेवून ती हुंदके देऊ लागली.

"रडतेस का, अक्का? वाचलो ना आपण!" म्हादू म्हणाला.

"वाचलो म्हणून तर तिच्यासाठी रडायला उरलो, बाबा."

मग म्हादूही तिच्याजवळ बसला. अंधार पडेपर्यंत दोघं आईबद्दल बोलत राहिली.

तात्पर्य: ज्यानं आजवर सांभाळलं, त्याच्यावर माया जरूर करावी, पण धोका समोर दिसत असताना त्या मायेनं डोळे झाकून घेऊ नयेत.