लिंबाएवढं दार

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, शंकाच आहे. राजाचं नाव पार विसरलो. तिच्यातला राग मात्र विसरता आलेला नाही.

एका राज्यात एक राजा होता. महालात काडी पडलेली त्याला खपत नसे. त्याने भिंतींतली चिमण्यांची घरटी झाडून टाकायला लावली, अंड्यांसकट. तेव्हा एक चिमणी सिंहासनावर येऊन बसली.

"राजा, माझी पिलं बोलायच्या आत गेली. आता तुझी लेक बोलणार नाही. या महालात पिलू चिवचिवेल, तेव्हाच तिला वाचा फुटेल."

त्याच क्षणी राजकन्या केतकी मुकी झाली.

राजा हादरला. चिमण्यांनी परत यावं म्हणून सोन्याचा मुकुट वितळवून त्याने दाण्यांसाठी ताटली घडवली, पाण्याला चांदीचा खोल हंडा ठेवला, आणि चंदनाचं घर टांगलं. त्याला ऐसपैस दार, दारापुढे बसायला दांडी. सोन्यात आपलंच रूप पाहून चिमण्या त्याच्याशी भांडल्या, रक्तबंबाळ झाल्या. हंड्यात एक बुडाली. दांडीवर कावळा बसला आणि आतली अंडी खाऊन गेला.

बागेची माळीण गोजरा बुडालेली चिमणी ओंजळीत घेऊन दरबारात शिरली.

"महाराज, ही दया की सूड?"

"गोजरा, मी मुकुट मोडला!"

"तिनं मागितला होता?"

"मग काय हवं तिला?"

"तीन वस्तू. तुमच्या हातांनी करा. कारागीर बोलावलात, तर मी चालले."

राजाने ज्वारीच्या कणसांची जुडी वळचणीला बांधली. पाण्याला मातीची उथळ परळ थापून भाजली, त्यात उभं राहायला दगड ठेवला. मग वाळका भोपळा पोखरायला घेतला.

"एवढंसं दार? महालाला शोभेल?"

"लिंबाएवढंच! चिमणी मावते, कावळा मावत नाही."

"आणि दांडी?"

"दांडी कावळ्याला लागते. चिमणी काठाला धरून आत जाते. कधी बघितलंत?"

राजाने बघितलं नव्हतं. तो कोरत राहिला. बोटांना फोड आले.

महिन्याभराने भोपळ्यातून चिवचिव आली, आणि केतकी बोलली, "बाबासाहेब, हुकूम तुमचाच होता ना? आधी चिमणीची माफी मागा!"

राजा भोपळ्यापुढे वाकला.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," भोपळ्यातून तीच सिंहासनावरची चिमणी म्हणाली. "कणसं संपलीत. नवी बांध."

राजाने बांधली. तेव्हापासून त्या राज्यात घर बांधताना भिंतीत चिमणीसाठी एका विटेची जागा रिकामी सोडतात, तोंड लिंबाएवढंच ठेवून.

लिंबाचं माप मला कायम खोटं वाटायचं. पुष्कळ वर्षांनी मी स्वतः एक भोपळा कोरून मागच्या दारी टांगला. चिमणी आत गेली. कावळ्याने डोकं घालून पाहिलं, शिरलं नाही.