ओढ्यावरचा पाळणा

एका डोंगराळ जंगलात बारा महिने वाहणारा एक ओढा होता. त्याच्या अलीकडच्या काठावर बेहड्याचे जुने झाड होते आणि त्या झाडाच्या ढोल्यांतून खारींचे एक मोठे कुटुंब राहत असे. पण मुलांनो, गंमत अशी, की खारींचे घर या काठावर होते आणि त्यांचे खाणे त्या काठावर. चारोळीची राई पलीकडे होती. ओढ्याच्या वरच्या अंगाला, बऱ्याच अंतरावर एक झाड ओढ्यावर आडवे पडले होते, तोच त्यांचा पूल. प्रत्येक खार त्यावरून पलीकडे जाई, तोंडात मावतील तेवढी फळे आणी आणि आपल्या ढोलीत ठेवी. पावसाळ्यात ओढा फुगला की पूल पाण्याखाली जाई. मग ढोलीत असेल त्यावरच दिवस काढायचे. मागच्या पावसाळ्यात साठा लवकर संपला होता आणि काही म्हाताऱ्या खारी त्या उपासात दगावल्या होत्या.

ते दुःख थोरल्या खारीच्या मनातून जाईना. म्हणून एका कसबी वानराने ओढ्यावर दोर बांधून पाळणा लावून देतो म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. मोबदला जबर होता. प्रत्येकीला आपल्या ढोलीतल्या उरल्यासुरल्या बियांतला मोठा वाटा द्यावा लागला. वानराने वेलींचा दोर वळला आणि पलीकडच्या उंच फांदीपासून अलीकडच्या बेहड्यापर्यंत ताणून बांधला. त्यावर वेताचा पाळणा अडकवला. फळे भरून सोडला की पाळणा सरसर अलीकडे येई आणि दुसऱ्या दोराने ओढला की पुन्हा पलीकडे जाई. सगळ्या खारी हरखून गेल्या.

चारोळी पिकू लागली, काम सुरू झाले. पण बरेच दिवस लोटले तरी ढोल्या काही भरेनात. उलट मागच्या वर्षी याच सुमारास जेवढा साठा होता, तेवढाही दिसेना. खारी कुरकुरू लागल्या. तुटक्या शेपटीची एक खार होती, ती तर सरळ म्हणाली, की दोर कुरतडून टाकावा आणि वानराकडून बिया परत मागाव्यात. वानराला बोलावले. त्याने पाळणा हलवून पाहिला, दोर ओढून पाहिला. पाळण्यात काही दोष नव्हता. मग त्याने सुचवले, की एक पाळणा पुरत नसेल तर दुसरा, याहून मोठा घ्यावा.

काही जणींना दोर तोडायचा होता, काही जणींना दुसरा पाळणा हवा होता. थोरल्या खारीला मात्र वेगळेच कोडे पडले होते. पाळणा चांगला आहे, खारी आळशी नाहीत, राईत फळे भरपूर आहेत. मग फळे अडतात कुठे? ती म्हणाली, "आधी मला एकदा नीट पाहू द्या. मग तोडायचा की वाढवायचा, ते ठरवू."

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या फांदीवर जाऊन बसली. तुटक्या शेपटीच्या खारीने आपली फळे पाळण्यात ठेवली आणि पाळणा सोडला. तो सरसर अलीकडे गेला. आणि ती खार उडी मारून पुलाच्या दिशेने पळत सुटली. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या खारी पाळणा परत यायची वाट पाहत बसून राहिल्या. थोरली खार चकित झाली. तीही मागोमाग पळाली आणि तिने पुलावर तिला गाठले.

"फळं तर पोचली. तू का पळतेस?"

"उतरवून घ्यायला."

"त्या काठावर दुसरी कुणी नाही का?"

"आहेत ना. पण त्या त्यांची उतरवणार. माझी मीच उतरवायला हवीत."

थोरली खार पुलावरच थांबली. तिला एकदम उलगडा झाला आणि थोडी लाजही वाटली, कारण काल तीसुद्धा अशीच पळाली होती. पाळणा आला होता, पण एकाही खारीची पळापळ चुकली नव्हती. उलट पाळण्यासाठी ताटकळणे तेवढे वाढले होते.

संध्याकाळी तिने सगळ्यांना सांगितले, की काही जणींनी पलीकडे फक्त तोडायचे आणि भरायचे, काही जणींनी अलीकडे फक्त उतरवायचे. साठा वेगवेगळ्या ढोल्यांत नको, बेहड्याच्या बुंध्यातल्या मोठ्या पोकळीत सगळ्यांचा एकत्र ठेवू. हे ऐकून कुणी खूश झाले नाही. आपली फळे दुसरीच्या हाती द्यायची? तुटक्या शेपटीच्या खारीने विचारले, "आणि तिने खाल्ली तर?"

"तर ती उपाशी नाही, एवढं तरी कळेल," थोरली खार म्हणाली. "उद्या पहिल्यांदा माझी फळं जातील. मी पळणार नाही. आणि उतरवायला तू उभी राहा."

तिने तसेच केले. पाळणा सोडताना तिचे पाय पुलाकडे ओढ घेत होते, पण ती जागची हलली नाही. पाळणा रिकामा होऊन परत आला.

तरी लगेच सगळे सुरळीत झाले असे समजू नका. सुरुवातीला कच्ची फळे येत, पाने येत, कधी उतरवणाऱ्या खारी रिकाम्या बसत तर कधी त्यांच्या अंगावर ढीग पडे. भांडणेही झाली. हळूहळू कुणाला कुठले काम जमते ते कळत गेले. काही जणींनी फळे वाळवायचे आणि किडकी बाजूला काढायचे काम आपणहून घेतले. तेवढी सवड पूर्वी कधी मिळालीच नव्हती. ओढा फुगून पूल बुडाला तेव्हा बुंध्याची पोकळी काठोकाठ भरली होती. त्या पावसाळ्यात कुणालाही उपास पडला नाही.

ही बातमी शेजारच्या टेकडीवरच्या उंदरांपर्यंत गेली. ते पाळणा पाहायला आले. दोर कोणत्या वेलीचा, वेत कुठला, वानर किती मागतो, सगळे विचारून घेऊन ते निघाले. तेव्हा तुटक्या शेपटीच्या खारीने त्यांना थांबवले.

"पाळण्यातली फळं उतरवायला कोण उभं राहतं, ते नाही विचारलंत," ती म्हणाली. "बसा. तेच तर आम्हाला शिकावं लागलं."

तात्पर्य : साधन नवे आणि कामाची रीत जुनीच राहिली, तर खर्च वाढतो, काम वाढत नाही.