तीन तास अडलेला निरोप

एका खाडीकाठच्या गावात एक बाई राहत होती. तिचं नाव शालिनी पेडणेकर. सगळा गाव तिला शालूकाकी म्हणायचा. ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा गावात कुणाच्या खिशात फोन नव्हता. शालूकाकीने मात्र एसटी थांब्याजवळच्या खोलीत नेट सेंटर काढलं होतं. पंचक्रोशीत तेवढं एकच.

खोलीत तीन कॉम्प्युटर होते. तिन्हींच्या वायरी एका लहानशा डब्यात जायच्या आणि डब्यातून एक वायर टेलिफोनच्या लाईनला. लाईन जोडताना शिट्टी वाजायची, मग खरखर व्हायची, मग सगळं शांत व्हायचं. शांत झालं की बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघून म्हणायची, "लागली."

त्या काळी वाट बघायला कुणाला कंटाळा नसे. एक फोटो उघडायला पाच मिनिटं लागायची. आधी आकाश दिसायचं, मग कपाळ, मग डोळे. मुलाचा चेहरा हनुवटीपर्यंत पुरा होईस्तोवर अख्खा बाक श्वास धरून बसायचा.

लाईन जोडायला आलेल्या सामंत नावाच्या तंत्रज्ञाला काकीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मेल जातो म्हणजे नेमकं काय होतं?"

सामंत म्हणाले, "तो अख्खा जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर कुठून आला, कुठे जायचं आणि कितवा, एवढं लिहिलेलं असतं. वाटेत नाक्यानाक्यावर राऊटर नावाची यंत्रं बसलेली आहेत. ती पत्ता बघतात आणि तुकडा पुढे देतात. एक वाट बंद असली तर दुसरीने पाठवतात. पलीकडे सगळे तुकडे नंबरवारीने जोडले जातात. एखादा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवून घेतात."

"आणि मग?"

"मग मेल ज्याच्या त्याच्या पेटीत पडतो. तारेचं काम तिथे संपतं. पेटी उघडायची ती माणसानेच."

गावातल्या बहुतेकांना ती पेटी उघडता येत नव्हती. कुणाला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, कुणाला माऊस हातात धरायची भीती वाटायची. म्हणून काकीनेच सगळ्यांची खाती काढून दिली. सगळ्यांचे पासवर्ड तिच्याच वहीत होते. रोज सकाळी ती एकेक पेटी उघडायची, आलेला मेल कागदावर छापायची आणि ज्याचा त्याला द्यायची. बोटीवरच्या मुलांची खुशाली, आखातातल्या भावांचे निरोप, बारशाची आमंत्रणं, सगळं तिच्या हातून जायचं. त्यातलं एक अक्षर तिने कधी बाहेर बोलून दाखवलं नव्हतं.

काकीची मुलगी दीप्ती त्या वर्षी बारावी झाली. तिला नर्स व्हायचं होतं. खाडीपलीकडच्या वाडीतल्या नसीम सारंगलाही नर्स व्हायचं होतं. दोघी एकाच वर्गात शिकलेल्या. दोघींनी जिल्ह्याच्या एका नर्सिंग शाळेत अर्ज केला. दोघींची नावं प्रतीक्षा यादीत लागली. नसीमचं पहिलं, दीप्तीचं दुसरं. नसीमच्या घरी फोन नव्हता, म्हणून तिने अर्जावर काकीने काढून दिलेला ई-मेलचा पत्ता लिहिला होता.

ऑगस्टातल्या एका सकाळी नऊ वाजता काकीने नसीमची पेटी उघडली. आत शाळेचा मेल होता. एक जागा रिकामी झाली होती. उद्या दुपारी बारापर्यंत मूळ दाखले घेऊन स्वतः हजर राहावं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला दिली जाईल, असं त्यात लिहिलं होतं.

काकीने तो मेल दोनदा वाचला. पुढची मुलगी कोण, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

ती छापायचं बटण दाबणार होती. पण तिने ते दाबलं नाही, पेटी बंद केली. मनाशी म्हणाली, आधी बाकीच्यांचं करू, मग बघू. तिने बाकीच्यांचं केलं. दहा वाजले. तर सुटल्याचा भोंगा वाजला. तर म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी. काकी उठली नाही. अकरा वाजता ओहोटी लागली आणि तर बंद झाली. तेव्हा तिला थोडं बरं वाटलं. आता जायचं म्हटलं तरी कसं जाणार, असं तिने स्वतःला समजावलं. मी काही खोटं बोललेले नाही, मेल पुसलेला नाही, तो आहे तिथेच आहे, असंही तिने समजावलं.

बारा वाजता गुणाआजी आली. तिचा मुलगा बोटीवर खलाशी होता. दोन महिन्यांत त्याचं काही कळलं नव्हतं. आजी रोज यायची, बाकाच्या टोकाला टेकायची आणि विचारायची.

"आलं काय गो काही?"

"नाही आजी."

"बरं." आजी काठी टेकत उठली. "नाही आलं तर नाही आलं. आलं असतं तर तू ठेवून घेतलं नसतंस."

एवढं बोलून ती गेली. काकी तशीच बसून राहिली. मग तिने नसीमची पेटी उघडली, मेल छापला, कागदाची घडी पोलक्यात खोचली आणि सेंटरला कुलूप लावलं.

धक्क्यावर होडी चिखलात रुतून पडली होती. दुसरी वाट खारभूमीच्या बांधावरून होती. ती खाडीला वळसा घालून जायची. दोन तासांची चाल, आणि डोक्यावर ऊन. काकीला चालायची सवय राहिली नव्हती. अर्ध्या वाटेत चपलेचा अंगठा तुटला. तिने चपला हातात घेतल्या.

पलीकडे पोचली तेव्हा सव्वादोन वाजले होते. नसीम अंगणात सुकट पसरत होती. तिचे वडील हुसेनचाचा जाळं दुरुस्त करत बसले होते. काकीने कागद नसीमच्या हातात दिला. नसीमने वाचला, खाली बसली आणि पुन्हा वाचला.

"अब्बा, जागा मिळाली."

हुसेनचाचांनी जाळं बाजूला ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. "शालूबाय, एवढ्या उन्हात तू पायी आलीस? बस. नसीम, पाणी आण, चहा ठेव."

तिथेच गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. मेल किती वाजता आला, ते कुणी विचारलं नव्हतं, पुढेही विचारलं नसतं. उलट दोन तास अनवाणी चालत आली म्हणून गावाने तिचं कौतुकच केलं असतं.

काकी बसली नाही. ती म्हणाली, "चाचा, हा मेल सकाळी नऊला आला. मी तीन तास दाबून ठेवला. नसीमच्या मागून दीप्तीचा नंबर आहे."

पाण्याचा तांब्या घेऊन नसीम दारातच थांबली. हुसेनचाचांनी खाडीकडे बघितलं. खाडीत सगळा चिखल उघडा पडला होता.

"सकाळी होडी चालू होती," ते म्हणाले.

"हो."

चाचा गुडघ्यावर हात टेकत उठले. मग म्हणाले, "नसीम, चहा राहू दे. गावच्या शाळेतून मूळ दाखला काढायचा आहे. शाळा पाचला बंद होते. बांधावरून जावं लागेल, ऊठ."

चाचांचा गुडघा धरलेला होता, त्यांना तेवढं चालवत नव्हतं. म्हणून नसीमबरोबर काकीच निघाली. आल्या पायी पुन्हा तीच वाट. तासभर दोघी चालत राहिल्या. नसीम पुढे, काकी मागे. मग नसीमने मागे न बघता विचारलं, "दीप्तीला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तिला तुम्हीच सांगा काकी. दुसऱ्याकडून कळायला नको."

शाळेत पोचल्या तेव्हा हेडमास्तर कपाटाला कुलूप लावत होते. काकीने त्यांना थांबवलं. दाखला मिळाला. त्या रात्री नसीम गावातच मावशीकडे राहिली आणि सकाळी सहाच्या गाडीने जिल्ह्याला गेली. अकराला पोचली. जागा तिला मिळाली.

काकीने दीप्तीला सगळं सांगितलं. मेल आल्याचंही सांगितलं आणि दाबून ठेवल्याचंही. दीप्ती चार दिवस आईशी बोलली नाही. कशाचा राग आला होता, मेल दिल्याचा की अडवल्याचा, ते तिलाही नीट कळत नव्हतं. पाचव्या दिवशी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "आई, तो मेल माझ्या हाती पडला असता तर मी दिला असता की नाही, मला सांगता येत नाही."

काकी म्हणाली, "त्या दिवशी सकाळपर्यंत मला वाटायचं, मला सांगता येईल."

नंतर काकीने एक काम केलं. तिने पासवर्डची वही बाकावर ठेवली आणि येईल त्याला जवळ बसवलं. "हा तुमचा पासवर्ड. हा आता बदलायचा. नवा मला सांगायचा नाही." ज्यांना अक्षरं येत नव्हती त्यांना ती कीबोर्डच्या बटणांवरची खूण ओळखायला शिकवू लागली. दीप्तीही शेजारी बसून शिकवू लागली. हे सगळं व्हायला दोन वर्षं गेली. गुणाआजीने एका बोटाने मुलाचं नाव लिहायला आठ महिने घेतले. पण एक दिवस तिने स्वतः पेटी उघडली आणि आत तिच्या मुलाचा मेल होता. तिने तो दीप्तीकडून वाचून घेतला. मग म्हणाली, "आता बंद कसं करायचं ते सांग."

हुसेनचाचा मात्र त्या दिवसानंतर सेंटरमध्ये आले नाहीत. नसीमचा मेल बघायला ते तालुक्याला जायचे, तासभर बस करून. काकीने त्यांना कधी बोलावणं धाडलं नाही. सहा महिन्यांनी एका दुपारी ते आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "नसीमला लिहायचं आहे. मी सांगतो, तू लिही." काकीने लिहिलं. दोघांनी त्या दिवसाबद्दल काही बोलणं काढलं नाही.

पुढे मोबाईलचे मनोरे उभे राहिले. हातोहाती फोन आले. जे तीन कॉम्प्युटरांत आणि एका डब्यात होतं ते ज्याच्या त्याच्या तळहातावर आलं. खाडीवर पूल झाला आणि तर थांबली. दीप्ती तालुक्याच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली. बाकावर बसायला कुणी येईना. वाट बघायची सवयच मोडली. चेहरा आता कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदम उघडतो आणि बोट त्याला वर सरकवून पुढे जातं.

एका दिवाळीनंतर काकीने सेंटर बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी ती वायरी गुंडाळत होती. तेवढ्यात हुसेनचाचा पुलावरून चालत आले. आता ते ऐंशीच्या घरात होते. त्यांच्या खिशात नसीमने दिलेला नवा फोन होता.

"नसीमला निरोप पाठव," ते म्हणाले. "म्हणावं, तब्येत बरी आहे, काळजी करू नको."

काकी हसली. "चाचा, तुमच्या फोनवरून जातं की आता. मीच शिकवलं तुम्हाला."

"जातं," चाचा बाकावर टेकत म्हणाले. "पण एकदा एक निरोप अडला होता आणि तो अडला हे तू स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतंस. हा फोन निरोप गेला म्हणतो ते मी बघतो. तू गेला म्हणतेस त्यावर माझा विश्वास बसतो."

काकीने गुंडाळलेली वायर पुन्हा सोडवली.

तात्पर्य: दुसऱ्याचा निरोप आपल्या हाती आला की तो आपला नसतो, तो वेळेवर पुढे द्यावा, आणि मोहाने अडवलाच, तर तो पोचवून तेवढ्यावर थांबू नये, अडवल्याचंही आपल्या तोंडाने सांगावं. तारांनी गावं जोडली जातात, माणसं मात्र विश्वासानेच जोडलेली राहतात.