पिवळ्या चिठ्ठ्या

बंदराच्या एका मोठ्या शहरात, जिथे बँकांच्या इमारती खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, एकदा एक वृद्ध वकील होता. खटले तो लढत नसे. बँका मोठी कर्जे देतात तेव्हा त्यांचे कागद तयार करणे, आणि हे कागद उद्या वादळातही टिकतील असा निर्वाळा आपल्या सहीनिशी देणे, हा त्याचा व्यवसाय. नाव पाण्यात लोटण्यापूर्वी तिच्या तळावरून हात फिरवणारा जाणता माणूस असतो ना, तसा. त्याचा निर्वाळा असला की बँकेचे वरचे अधिकारी निश्चिंत होत.

त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू, आणि घाईत असलेला. घाईचे कारण रास्त होते. बरीच वर्षे उमेदवारी झाली होती. या वर्षी बँकेचे काम निर्विघ्न पार पडले तर फर्मच्या पाटीवर त्याचे नाव लागणार होते. हे त्याने बायकोला सांगून टाकले होते, आणि सासऱ्यालाही. सासऱ्याला दिलेली बातमी मागे घेता येत नाही, हे व्यवहारात मुरलेल्या कोणालाही ठाऊक असते.

या धंद्यात एक रीत आहे. सह्यांच्या दिवशी कागदांचा गठ्ठा उशीएवढा जाड असतो. त्यात सही कुठे करायची ते कर्जदाराला कळत नाही. म्हणून कनिष्ठ वकील आदल्या दिवशी बसून, सहीच्या प्रत्येक जागी बाणाची पिवळी चिकट चिठ्ठी लावतो. येणाऱ्याने चिठ्ठी धरायची, पान उलटायचे, सही ठोकायची, की पुढची चिठ्ठी. चहा गार व्हायच्या आत काम आटोपते. शिष्याचा या कामात हात कोणी धरू शकत नसे. त्याने चिठ्ठ्या लावलेला गठ्ठा बाजूने पाहिला तर झेंडूच्या माळेसारखा दिसे.

असेच एकदा स्टीलच्या भांड्यांचा एक व्यापारी कर्जाच्या सह्या करायला आला. त्याला कारखाना वाढवायचा होता. सोबत त्याची विधवा वहिनी होती. थोरला भाऊ गेल्यापासून ती धंद्यात नावाची भागीदार होती, आणि या कर्जाला जामीनही तीच राहणार होती. बँकेचे साहेब आधीच येऊन बसले होते आणि घड्याळाकडे बघत होते.

वृद्ध वकील आत आला. सगळ्यांना नमस्कार करून त्याने गठ्ठा जवळ ओढला, आणि केळे सोलावे इतक्या शांतपणे एकेक चिठ्ठी उपटून काढू लागला.

शिष्याला वाटले, आपले काहीतरी चुकले. "सर, जागा चुकल्या का?"

"जागा बरोबर आहेत," वृद्ध म्हणाला, आणि त्याने पुढची काढली.

टेबलावर पिवळा ढीग साचला. मग त्याने गठ्ठा त्या वहिनींपुढे सरकवला. "बाई, तुमच्या सहीची जागा शोधा. सापडली की करा."

साहेब हसले. "वकीलसाहेब आज गमतीत दिसतायत."

"गंमत नाही."

"अहो, पण संध्याकाळ होईल अशानं."

"होऊ द्या. चहा सांगितलाय."

व्यापारी पुढे झुकला. "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी दाखवतो ना."

"दाखवू नका भाऊजी. मला सापडतंय का बघते." तिने चष्मा लावला. नवरा होता तेव्हा दुकानाची सारी पत्रे तीच लिहीत असे. कागदाला ती बिचकणारी नव्हती. मात्र नवरा गेल्यापासून कोणी तिला कागद वाचायला दिला नव्हता. "वहिनी, इथे सही करा," एवढेच सांगितले होते, आणि तिने केली होती.

ती पाने उलटू लागली. सुरुवातीला जरा हसत, कोडे सोडवावे तशी. मग हसू मावळले. एका पानावर तिचे बोट थांबले.

"भाऊजी, इथे माझ्या घराचा पत्ता कसा?"

व्यापाऱ्याने कप उचलला. तो रिकामा होता. "ते तारण म्हणून. नुसतं नावाला."

"नावाला असेल तर काढून टाका."

"ताई, तसं काढता येत नाही," साहेब म्हणाले.

"मग नावाला नाही." ती दिराकडे वळली. "तुम्ही फोनवर म्हणालात, दुकानाचा कागद आहे, दहा मिनिटांचं काम."

"सांगणार होतो, वहिनी."

"कधी?"

व्यापारी तसा वाईट माणूस नव्हता. त्याने खाली मान घालून खरे ते सांगितले. "सही झाल्यावर."

वहिनीने पेनाला टोपण लावले. "कारखान्यातला माझा हिस्सा धरा, त्याला सही देते. घराला नाही. मला दुसरं छप्पर नाही."

ती उठून गेली. व्यापारी तिच्यामागे धावला. साहेब मात्र उठले ते तापूनच.

"तुम्ही आमचे वकील की त्यांचे?"

"तुमचाच," वृद्ध म्हणाला.

"मग हे काय मांडलंत? जामीनदाराला पान न् पान वाचायला लावा, असं कायद्यात कुठे आहे?"

"नाही कुठेच. पण साहेब, कायदा म्हणजे जोतं. जोत्यावर कोणी संसार मांडत नाही. वर भिंती आपल्याला उभ्या कराव्या लागतात."

"ही फाइल उद्या दुसऱ्या फर्मकडे जाईल. आणि यापुढच्या सगळ्याच."

"बांधून देतो," वृद्ध म्हणाला. "दोरी आमच्याकडून."

शिष्य साहेबांना लिफ्टपर्यंत सोडायला गेला. तिथे साहेबांचा आवाज मऊ झाला. "म्हातारपण आहे, दुसरं काय. तुम्ही का बुडता त्यांच्याबरोबर? उद्या फाइल घेऊन तुम्हीच तिकडे या. तिथल्या मोठ्या वकिलांच्या कानावर तुमचं नाव घालतो. तुमच्याइतक्या सुबक चिठ्ठ्या या शहरात कोणी लावत नाही."

शिष्याला नाही म्हणता आले नाही. हो म्हणण्याचीही गरज पडली नाही. लिफ्ट आली.

परत येताच त्याचा बांध फुटला. "सर, बँक गेली. माझी पाटीही गेली. आपण बँकेचं मीठ खातो, त्या बाईंचं नाही. मग भलं केलंत तरी कोणाचं?"

वृद्ध चिठ्ठ्या गोळा करत होता. तो म्हणाला, "माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. शेजारचा दुकानदार डाग घडीत दडवून ठाण विकायचा. आमचे वडील डागाभोवती खडूनं गोल काढायचे आणि आधी तेवढाच भाग गिऱ्हाईकापुढे धरायचे. शेजारी खो खो हसायचा. म्हणायचा, शेठ, स्वतःच्या मालाची निंदा करणारा दुकानदार पहिल्यांदाच बघतोय. वडील एवढंच म्हणायचे, डाग दाखवून विकलेलं कापड परत येत नाही.

"आपण काय विकतो? निर्वाळा विकतो. हा जामीन टिकेल, असं मी बँकेला लिहून देतो. उद्या ही बाई न्यायालयात उभी राहून म्हणाली, मला बाण दाखवला आणि मी सही केली, तर त्यात खोटं काय असेल? तरी आपण जिंकूही कदाचित. पण खऱ्या माणसाला हरवल्याशिवाय जो कागद टिकत नाही, तो टिकेल असं मी लिहून देणार नाही. बँकेनं माझा सल्ला विकत घेतलाय. माझं गप्प बसणं विकायला काढलेलं नाही. त्यांना ते हवं असेल, तर शहरात दुकानं पुष्कळ आहेत."

"आणि माझं काय, सर?"

"ते तुझं तू बघ. फाइल त्यांची आहे, उद्या पोचवून ये. तिकडेच राहावंसं वाटलं तर राहा. मी रागावणार नाही."

दुसऱ्या दिवशी शिष्य फाइल घेऊन नव्या फर्ममध्ये गेला. काचेची भिंत, तिच्यापलीकडे समुद्र, आणि खुर्च्या अशा की बसले की उठवत नाही. गठ्ठ्याला ताज्या चिठ्ठ्या लागल्या, या खेपेला गुलाबी. थोड्या वेळाने व्यापारी आला, आणि त्याच्यामागून वहिनी.

साहेबांचा चेहरा उजळला. "आलात ताई. बरं केलंत."

"भाऊजींनी फार गळ घातली, म्हणून आले. सही करते म्हणाले नाही."

ती बसली. गठ्ठा पुढे ओढला. आणि तिने पहिली गुलाबी चिठ्ठी उपटून टेबलाच्या काचेवर चिकटवली. मग दुसरी.

तिथला एक वकील अदबीने म्हणाला, "मॅडम, त्या तुमच्या सोयीसाठी आहेत."

"माझी सोय मला कळते," ती म्हणाली, आणि तिसरी काढली.

साहेब शिष्याकडे वळले. "अहो, तुम्ही बघता काय? कालपासून ओळखतात तुम्हाला. सहीची जागा दाखवा त्यांना, चला."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. शिष्याला पाटी दिसली, पाटीवरचे नाव दिसले, सासरे दिसले. मग टेबलावरची, कोणीही न दाखवता पान उलटणारी ती बोटे दिसली. त्याने एक खुर्ची ओढली आणि तो वहिनींच्या शेजारी जाऊन बसला.

"बाई, जागा तुम्हीच शोधा. एखाद्या ओळीचा अर्थ लागला नाही, तर तेवढी मला विचारा."

"काय करताय ते समजतंय का तुम्हाला?" साहेबांनी विचारले.

"कालपर्यंत समजत नव्हतं, साहेब."

तिने एकेक पान वाचून उलटायला सुरुवात केली. घराचे पान आले तशी वहिनी थांबली. पत्त्यावर ठेवलेले बोट तिने उचललेच नाही. शेवटी व्यापाऱ्यालाच ते असह्य झाले. "साहेब, हे पान काढा. तेवढ्यानं कर्ज कमी होत असेल तर होऊ द्या. एक यंत्र कमी घेईन. वहिनींच्या डोक्यावरचं छप्पर गहाण ठेवून मला भांडी बनवायची नाहीत."

साहेब फोन घेऊन बाहेर गेले. ते काय ठरवून परत आले, ते कळायला शिष्य थांबला नाही. त्याला थांबवलेही कोणी नाही.

तो आपल्या वृद्ध गुरूकडे परतला. "सर, पाटी गेली. दोन्हीकडची."

 गुरूने आपला चहा अर्धा बशीत ओतून कप त्याच्यापुढे सरकवला. टेबलाच्या कडेला आदल्या दिवशीची एक पिवळी चिठ्ठी राहून गेली होती. शिष्याने ती उचलली, क्षणभर पाहिली, आणि आपल्या जागेसमोर चिकटवली. बाण स्वतःकडे करून.

दुसऱ्याला सहीची जागा दाखवण्याआधी, तीच सही आपण डोळे मिटून केली असती का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.