चोचवाल्या पतंगाचे कान

"म्हणजे त्याला माझं नाव द्यायचं हे ठरलंच म्हणायचं?"

"ठरलंच," सदानंद गवस म्हणाला. "विचारायला नाही आलो, बाई. सांगायला आलोय."

यमुना बांदेकर बाई हसल्या. कॉलेजातून निवृत्त होऊन त्यांना जमाना लोटला होता, पण सावंतवाडीच्या घरातल्या पडवीत बसून त्या अजून पतंग ओळखून देत. दिव्यावर झेपावणारे पतंग, आणि तेही कसले, तर चोचवाले. मातकट, बोटाच्या पेराएवढे, तोंडापुढे चोचीसारखं टोक आलेले. फुलपाखरांची कॅलेंडरं निघतात. यांच्याकडे कुत्रं बघत नाही. बाईंनी मात्र अख्खा जन्म यांची कुळं लावण्यात घातला होता. सदानंद त्यांचा शेवटचा विद्यार्थी, आणि सगळ्यांत भांडखोर.

"आमच्या संस्थेतल्या मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याच्या नावाचा भुंगा आहे," तो म्हणाला. "त्या मेव्हण्याला भुंगा आणि झुरळ यातला फरक कळत नाही. तुमच्या नावाचं काय आहे?"

"रेशनकार्ड आहे की."

"थट्टा नको, बाई."

"बरं. दाखव."

त्याने पेटी उघडून टाचणीवरचा पतंग पुढे केला. त्याच्या आवाजाला धार चढली.

"तोंड बघा. उघड उघड पहिल्या कुळातलं. आता कान बघा."

या पतंगांचे कान पोटाच्या सुरुवातीला असतात. एका कुळात कानाची डबी मिटलेली, दुसऱ्यात उघडी. कुळाचा निवाडा बराचसा त्या डबीवरच होतो.

"तोंड मिटल्या डबीवाल्यांचं आणि डबी सताड उघडी. असा वंश आजवर कुणी पाहिलेला नाही. निबंध तयार आहे, उद्या पाठवतो. साहेब लोकांचे चेहरे मला बघायचेत."

"तोंड एकाचं, कान दुसऱ्याचे," बाई म्हणाल्या. "आमच्या कॉलेजातल्या विभागात अशी माणसं पुष्कळ होती."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. चोच पाहिली, पंख पाहिले. मग भिंग पतंगाच्या कमरेपाशी आलं आणि तिथेच राहिलं...

"सदा, आतून वाटीभर कोमट पाणी आण. आणि बारीक कुंचला."

त्याने आणलं. बाईंनी कुंचला हातात घेतला नाही. वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"कमरेला लाव. तूच."

"कशाला? बाई, एकुलता एक नमुना आहे."

"मग नको लावू. घाल पेटीत, पाठव निबंध. माझी ना नाही."

कुंचला पाण्यात बुडाला आणि वर येऊन थांबला. निबंध गेला तर छापून येणार, हे सदानंदला ठाऊक होतं. बाईंचं छापलेलं नाव बाईंना स्वतः वाचता येणार. पुढच्या वर्षी दुसरा नवा पतंग सापडेपर्यंत त्यांचे डोळे साथ देतील की नाही, कुणी सांगावं?

त्याने कुंचला टेकवला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पतंगाचं पोट अलगद सुटलं आणि वाटीशेजारच्या कागदावर पडलं. टाचणीवर नुसते पंख आणि तोंड राहिलं.

"घाटात बस खड्ड्यात आदळली," सदानंद म्हणाला. "घरी येऊन पेटी उघडली तर तीन-चार पतंगांची पोटं गळालेली. हे याच्याखाली पडलं होतं. याचंच समजून चिकटवलं."

"दुसऱ्याचं असेल, असं वाटलं नाही?"

सदानंदने कुंचला पुसायला घेतला.

"सदा."

"वाटलं होतं."

"मग?"

"मग तुमचं नाव डोळ्यांपुढे आलं."

बाईंनी चिमट्याने ते पोट उचललं, एका छोट्या कुपीत ठेवलं आणि बूच लावलं. तान्ह्या पोराला पांघरूण घालावं तसं.

"शिव्या द्या, बाई."

"देते. आधी सांग, चिकटवलंस कशानं?"

"डिंकानं."

"डिंकानं? बाजारात पाण्यात न विरघळणारे पक्के गोंद मिळतात रे. थेंबभर लावला असतास तर जन्मात सुटलं नसतं. मी म्हातारी काय शोधणार होते, आणि साहेब लोक तरी काय शोधणार होते?"

सदानंद टाचणीकडे बघत राहिला.

"तुमच्या हाताखाली शिकलो ना," तो म्हणाला. "जोडलेलं पुन्हा सोडवता आलं पाहिजे, हे तुम्हीच घोकवून घेतलंत. हात आपोआप डिंकाच्या बाटलीकडे गेला."

बाईंनी त्याच्या डोक्यात एक टपली मारली. हात मग तिथेच राहू दिला.

"मग तुझ्या हाताला माझं नाव दिलंस की, मेल्या."