उकंडा गारपगारी

“…मग गाव आमच्या खापरपणजाला धान्य देत होतं ते कशाबद्दल? गारा अडवण्याबद्दल? बाबा, गारा कधी माणसानं अडतात का?”

यादवरावांनी तोंड उघडलं ते असं. नमस्कार राहूनच गेला.

तीस वर्षं हवामान खात्यात काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घराण्याचा इतिहास छापायला घेतला होता. चार पिढ्या ऐटीत लागल्या. पाचव्या पिढीला मोडी लिपीतला एक कागद निघाला आणि गाडं अडलं. खापरपणजा उकंडा. काम, गारपगारी. आभाळ भरून आलं की उघड्यावर उभं राहून गारा परतवायच्या, आणि सुगीला घरटी पायलीभर गहू घ्यायचा.

ढगांचा अभ्यास करून पेन्शन खाणाऱ्याच्या घरात हा ढगांना दटावणारा! चारचौघांत हसं होईल या धास्तीनं यादवरावांची झोप उडाली होती.

म्हणून ते सुरतनाथबाबांकडे आले होते. मठ उकंडाच्याच गावातला, घराण्याचं गुरुस्थान. पुस्तकाचं पहिलं पान बाबांच्या आशीर्वादाचं ठरलं होतं. बाबा ऐंशीच्या पुढचे. ओसरीवर सुपात तूर निवडत बसले होते.

“मी तिथं ‘शेतकरी’ लिहितो,” यादवराव म्हणाले. “तुम्ही फक्त हो म्हणा.”

“कागदात अजून काय हाय?”

यादवरावांनी नाइलाजानं वाचलं. “फाल्गुनात गारा पडल्या. गहू गेला. उकंडा मारुतीपुढे उभा होता, गारांनी मयत झाला. काम त्याचा लेक सटवा यास दिले.”

“सटवानं घेतलं?”

“घेतलं ना! तेच तर कळत नाही. बाप डोळ्यांदेखत मेला. गारा काही अडल्या नाहीत. तरी लेक त्याच जागी जाऊन उभा! गाव मूर्ख होतं, की आमचे लोक लबाड?”

बाबा तूर निवडत राहिले…

ऊन गेलं. वारा पडला. यादवरावांनी सवयीनं वर पाहिलं.

“पाच मिनिटांत गारा येतील,” ते म्हणाले.

अंदाज चोख निघाला. पहिली गार पत्र्यावर ठाणकन वाजली तसे यादवराव ओसरीवरून थेट आतल्या खोलीत गेले.

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. डोक्याचा पटका सोडून खुंटीला अडकवला आणि ते अंगणात उतरले.

“बाबा! आत या! तुम्ही उभं राहून त्या थांबणार आहेत का?”

म्हातारा गव्हाच्या शिवाराकडे तोंड करून उभा राहिला. आधी सुपारीएवढ्या आल्या, मग लिंबाएवढ्या. एक कपाळावर बसली आणि रक्त डोळ्यात उतरलं. डोकं झाकायलाही त्यानं हात काही वर केला नाही.

यादवराव दोनदा उंबऱ्यापर्यंत गेले, दोनदा मागे फिरले. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही वाटत होती. समोर सोन्यासारखा गहू आडवा होत होता.

…

गारा थांबल्या तेव्हा अंगण पांढरं झालं होतं. बाबा कसेबसे ओसरीला टेकले. यादवरावांनी धावत येऊन पटका त्यांच्या कपाळावर दाबला. तो लाल होत गेला.

“थांबल्या का?” बाबांनी विचारलं.

“त्या थांबणारच होत्या. तुमच्यामुळे नाही. आणि गहू तर गेलाच.”

“गेला.”

“मग कशासाठी गेलात हो तिथं?” यादवराव कळवळून म्हणाले. “जीव गेला असता!”

बाबांनी डोळ्यावरचं रक्त पुसलं. शिवाराकडे पाहिलं…

“आपुन सारे आत पळतो, बाप्पा. गव्हानं कुठं पळावं?”