आबांचा रिमोट आणि शाणूच्या गाठी

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा कातारी राहायचा. कातारी म्हणजे लाकूड कातून भोवरे, लाटणी, लाकडी फळं करणारा. त्याचं नाव शाणू. बारशाच्या दिवशी कोणालाच काही कल्पना नव्हती, त्यामुळे नाव ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही.

हातात कसब मात्र असं, की त्याने केलेला लाकडी आंबा गायी चाटून बघायच्या. अडचण एकच होती. सांगितलेलं तो जसंच्या तसं करायचा. दुकानाकडे लक्ष ठेव म्हटलं, की रस्त्याच्या पलीकडे उभा राहून दिवसभर दुकानाकडे बघायचा. गिऱ्हाईक मध्ये आलं, तर त्याला बाजूला व्हायला सांगायचा. आणि कोणी काही शिकवलं, की विसरू नये म्हणून खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारायचा.

त्याची बायको वैजू. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. नवऱ्याला नावाने हाक मारायची. तिच्या वडिलांना, म्हणजे आबांना, ते सोसायचं नाही. आबांना तसं बरंच काही सोसायचं नाही.

वैजू मामेबहिणीच्या लग्नासाठी माहेरी आली, आणि त्याच आठवड्यात आबा रिमोटवर बसले. रिमोट फुटला, आबा शाबूत राहिले. वरचं खोकं चुरा झालं. आतली हिरवी पट्टी तेवढी जिवंत होती, पण पट्टीवर बोट नेमकं कुठे दाबायचं ते आबांना कळेना. मग आबांनी नवा रिमोट शोधला. त्याचं नाव वैजू.

"वैजू, बातम्या लाव. वैजू, आवाज वाढव. वैजू, एवढा नको."

वैजू पुस्तक मिटून उठायची, टीव्हीचं बटण दाबायची, परत येऊन बसायची. पान उघडेपर्यंत पुढची हाक. तिची सोमवारपासून परीक्षा होती, आणि कॉलेज सासरच्या गावाजवळ. बाजारातून दुसरा रिमोट आणा, असं ती तीनदा म्हणाली. आबा म्हणाले, घरात कारागीर जावई असताना बाजार कशाला? त्याला बोलावून घ्या. रिमोट झाला की मी स्वतःच्या तोंडाने जा म्हणेन. तोवर ही इथेच.

शाणू आला. अंगणात फणसाखाली त्याने आपलं सामान मांडलं.

"जावईबापू," आबा म्हणाले, "हाताला काही टोचता कामा नये. सुपारीसारखा गुळगुळीत करा."

"बरं. सांगितलं तसंच करतो," शाणू म्हणाला.

त्याने शिवणीच्या लाकडाचा गोल गुळगुळीत रिमोट कातला. वर लाखेचा लाल रंग चढवला. इतका सुंदर, की वैजूला तो खिडकीत ठेवावासा वाटला. आबांनी हातात घेऊन फिरवला. पुन्हा फिरवला. मग चष्मा लावला.

"बटणं कुठायत?"

"आत आहेत. बाहेर टोचत होती."

आबांच्या हातातून रिमोट सुटला आणि गडगडत जाऊन कपाटाखाली बसला. तिथून तो काढायला कपाट हलवावं लागलं. धापा टाकत आबा म्हणाले, "अहो, बटण बोटाला कळायला हवं. डोळे मिटून दाबलं तरी कळायला हवं. पुढच्या वेळी ध्यानात ठेवा."

शाणूने पंच्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी आबा लग्नघरी गेले होते. टीव्ही मोकळा सापडला म्हणून आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, जीव हरखला. त्यांचं बोट सकाळीच विळीवर कापलेलं. त्या शाणूला म्हणाल्या, मला आपलं जपून धरता येईल असं काहीतरी दे रे बाबा. शाणूने गाठ चाचपली. बोटाला कळायला हवं. त्याने झाडावरचा फणस उतरवला, त्याच्या सालीचा रिमोट केला, आणि प्रत्येक बटणावर एकेक चांगला अणकुचीदार काटा येईल असा बसवला. आवाजासाठी सगळ्यात मोठा.

आईंनी आवाज वाढवला. आवाज वाढला. टीव्हीचा नव्हे. शेजारच्या काकू विळा घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

"कळलं का बोटाला?" शाणूने विचारलं.

"कळलं," आई म्हणाल्या, आणि बोट तोंडात घालून बसल्या. संध्याकाळी त्यांनी त्याला जवळ बसवून समजावलं. माणसाचा हात नाजूक असतो. पुढच्या वेळी मऊ कर, लोण्यासारखा.

शाणूने दुसरी गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी आबा परत आले. आबांची एक सवय साऱ्या गावाला माहीत होती. चॅनल बदललं नाही, की ते रिमोट खाटेच्या कडेवर आपटायचे. म्हणून ते म्हणाले, दणकट हवा. शाणू बरं म्हणाला, पण गाठ काही वेगळंच सांगत होती. त्याने आईंकडून तांदळाची उकड मागून घेतली. तूप लावून मळली. तिचा गोरा, गुबगुबीत रिमोट वळला. पट्टीवर बोट लागावं म्हणून बटणांच्या जागी बेदाणे बसवले आणि बातम्यांसाठी एक काजू.

आबांनी काजू दाबला. काजू आत गेला तो गेलाच. आबांनी सवयीने रिमोट खाटेवर आपटला. अर्धा रिमोट भिंतीला चिकटला, थोडा मिशीला. उरलेल्याकडे कोंबड्या धावल्या, आणि एक कोंबडी हिरवी पट्टी चोचीत धरून माडाकडे पळाली. वैजू तिच्यामागे, शाणू वैजूच्या मागे. पट्टी मिळाली. आबा तोवर मिशी चाटत बसले होते.

"मीठ कमी पडलंय," ते म्हणाले. मग त्यांना आपण रागावलेलो आहोत हे आठवलं. "जावई, वस्तू कशी हवी? एकदा हातात धरली की सुटता कामा नये!"

तिसरी गाठ.

आता पाळी पुन्हा आईंची. दुपारी बायकांचा कार्यक्रम लागायचा आणि त्याच वेळी त्यांना पानं वाढायची असायची. चटकन उचलता येईल, चटकन ठेवता येईल, असा रिमोट कर, एवढंच त्यांचं मागणं. शाणूने या खेपेला नारळाची करवंटी घेतली, घासूनपुसून चकचकीत केली, बटणांची भोकं नीट पाडली. वैजू बघून खूश झाली. मग शाणूने गाठ चाचपली आणि करवंटीला बाहेरून फणसाचा चीक फासला.

आईंनी रिमोट चटकन उचलला. ठेवता मात्र येईना. हात झटकला, तरी नाही. तशाच त्या वाढायला उठल्या. भाजी वाढली, तर बातम्या जाऊन कीर्तन लागलं. आमटीला ढवळलं, तर कीर्तनाचं कुस्तीचं मैदान झालं. लोणचं वाढायला वाकल्या आणि आवाज एवढा वाढला की आबांच्या हातातला घास परत ताटात पडला.

"बातम्या लाव!"

"मग अजून थोडा भात घ्या," आई म्हणाल्या. भात वाढला, की बातम्या लागायच्या, असं तोवर त्यांच्या ध्यानात आलं होतं. आबांनी त्या दिवशी चौपट भात खाल्ला आणि बातम्या अर्ध्याच पाहिल्या.

खोबरेल तेलाची अख्खी बाटली ओतली, तेव्हा आईंचा हात सुटला. एवढं झाल्यावर आबांनी जाहीर केलं की असला जावई बघता मुलीला आणखी महिनाभर पाठवण्यात अर्थ नाही. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते.

वैजूने पुस्तक आपटलं. शाणूला तिने हाताला धरून माडाखाली नेलं.

"तू आबांचं ऐकून आईचा रिमोट केलास, आणि आईचं ऐकून आबांचा. हो ना?"

"मोठ्यांचं ऐकायचं असतं."

"ज्यांना स्वतःला काय हवं ते कळत नाही, त्यांचं तर मुळीच ऐकायचं नसतं. तोंडाकडे लक्ष देऊ नको. ज्याच्या हातात वस्तू जाणार, त्याच्या हाताकडे बघ. नुसतं बघ. परवा परीक्षा आहे माझी, शाणू. वर्ष जाईल."

शाणूने गाठ मारली. ही जरा घट्ट.

आणि तो बघायला लागला. आबा चहा पीत होते, शाणू हाताकडे बघत होता. आबा दाढी करत होते, शाणू हाताकडे बघत होता. आबांनी हात पाठीमागे लपवला. शाणू पाठीमागे जाऊन बसला. शेवटी आबांनी हात पंच्यात गुंडाळला आणि वैजूला विचारलं, तुझ्या नवऱ्याला माझी अंगठी हवी आहे का?

पण रविवारी सकाळी रिमोट तयार होता. आबांची जाड बोटं नीट बसतील अशा खोबणीचं शिवणीचं खोकं. खाटेवर आपटलं तर सोसावं म्हणून कडेला काथ्याची वेणी. बटणं मोजकीच, चिंचोक्यांची. आवाजाचा चिंचोका मोठा, चॅनलचा लहान, बंद करायला एक खडबडीत कवडी. आबांनी डोळे मिटून दाबून पाहिलं. बातम्या लागल्या. आपटून पाहिलं. काही झालं नाही. आबांना त्यात एकही खोट सापडेना, आणि त्यामुळे ते फार दुःखी झाले.

"आबा, चारची एसटी आहे," वैजू म्हणाली. "म्हणा आता जा."

"बघू. जेवणं होऊ देत."

जेवणं झाली. आबा सकाळपासून कौतुकाने चिंचोके दाबत होते, त्यामुळे दुपारी रिमोट बंद पडला. आबांचा चेहरा उजळला. म्हणाले, बघा, बिघडला. वैजू म्हणाली, सेल संपले असतील. आता सेलच्या बाबतीत आबांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्यांनी जावयाला समोर बसवलं आणि शिकवलं.

"बंद पडला, की आधी पाठीवर दोन थापट्या मारायच्या. नाहीच चालला, तर सेल बाहेर काढायचे. सदऱ्याला पुसायचे. उन्हात तापवायचे. जास्त तापलेला असेल तो आधी घालायचा. एक उलटा, एक सुलटा. झाकण बसत नसलं, तर खालून एक थापटी. समजलं?"

शाणूने एवढ्या गाठी मारल्या, की पंचा हातरुमालाएवढा झाला.

त्याने रिमोटच्या पाठीवर थापट्या मारल्या. नाही चालला. सेल काढले, पुसले, अंगणाच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उन्हात ठेवले. आबा आरामखुर्चीत रेलले. रिमोट चालू होईल, तेव्हा बघू.

साडेतीन वाजले. वैजू पिशवी घेऊन समोर उभी राहिली. "आबा, जाऊ का?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. मग तोंड उघडलं. मग घोरायला लागले. झोपेच्या आधी घोरणारा माणूस वैजूने पहिल्यांदाच पाहिला.

"आबा, नाटक पुरे. एसटी चुकेल."

घोरणं वाढलं. शाणू वाकून बघत होता. हाक मारली, उत्तर नाही. हलवलं, हालचाल नाही.

"वैजू," तो हळूच म्हणाला, "आबा बंद पडले."

आणि कोणी काही बोलायच्या आत त्याने आबांना पुढे वाकवून पाठीवर दोन थापट्या मारल्या. कातारी माणसाचा हात तो. आबांची कवळी, वरची आणि खालची, टपटप मांडीवर पडली. शाणूने ती उचलली, सदऱ्याला पुसली, आणि गडग्यावर सेलच्या शेजारी उन्हात ठेवली.

आबांनी घोरणं थांबवलं होतं. दातांशिवाय ते कधी बायकोसमोरही बोलले नव्हते. ते तसेच आ वासून बघत राहिले. शाणू गडग्यापाशी उभा राहून तापलंय का ते बोटाने बघत होता. मग तो मूठ मिटून आला, फुंकर मारली, आणि आबांच्या तोंडात सामान बसवलं. एक थापटीही दिली.

आबांचे डोळे पेढ्याएवढे झाले. गाल फुगले. शब्द फुटेना. त्यांनी नुसता हात उचलला आणि अख्ख्या हाताने फाटकाकडे बोट दाखवलं.

"आबा जा म्हणाले," वैजू म्हणाली.

"मीही बघितलं," आई दारातून म्हणाल्या. "पळा."

गडग्यापाशी शाणू क्षणभर रिमोटशी झटला, मग दोघं पळाली. एसटी मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. वैजूने पुस्तक उघडलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अख्खं पान विनाहाक वाचलं. खाडीवरचा पूल आला, एसटी हादरायला लागली, तशी शाणूच्या खिशातून कटकट ऐकू आली.

"काय वाजतंय रे?"

"आबांचे सेल."

शाणूने खिशात हात घातला आणि तळहात तिच्यासमोर धरला. तळहातावर दातांच्या दोन ओळी हसत होत्या.

"रिमोटमध्ये काही केल्या बसेनात," शाणू म्हणाला. "म्हटलं घरी नेऊन जरा कातून आणू."

वैजूने पुस्तक मिटलं.

"शाणू, मग आबांच्या तोंडात काय घातलंस?"

"जास्त तापलेले आधी घालायचे, असं आबांनीच शिकवलंय. रिमोटमधले दोघे कधीचे उन्हात होते." त्याने पंच्याची एक गाठ सोडून पाहिली आणि मान डोलावली. "एक उलटा, एक सुलटा. झाकण तेवढं बसत नव्हतं."